हृदयाचा आलेख आणि कामकरी माणूस



वसंतातल्या या व्याख्यानमालेत इतिहासाचे व्याख्यान म्हटले की राजे, तह, लढाया आणि चळवळी यांची अपेक्षा धरून आपण येता. आज आम्ही ज्या वस्तूचा इतिहास सांगणार आहोत ती आपल्यापैकी पुष्कळांच्या कपाटात, रेशनकार्ड आणि लाइटबिले यांच्या गठ्ठ्यात पडलेली असेल. ती म्हणजे चौकटीच्या कागदावर उमटलेली हृदयाची रेघ. डॉक्टर तिला ईसीजी म्हणतात, जुनी माणसे कार्डिओग्राम म्हणतात, आणि आमच्या वस्तीत नुसते 'पट्टी काढली' म्हटले तरी सर्वांना कळते.

आम्ही वैद्य नाही. आमचे शाळेतले शिक्षण लवकर संपले. पुढचे जे काही झाले ते वाचनालयात आणि युनियनच्या कचेरीत. आजारपणाची रजा, हलके काम, नुकसानभरपाई अशा गोष्टींसाठी ज्याला वर्षानुवर्षे अर्ज लिहावे लागतात, त्याला डॉक्टरांचे कागद वाचावेच लागतात. आणि वाचता वाचता प्रश्न पडतात. आम्हाला पडलेला प्रश्न असा : दहा-दहा वर्षे रक्तदाब किंवा मधुमेह अंगावर वागवणाऱ्या माणसाची पट्टी काढली, तर ती त्याच्या उद्याबद्दल काय सांगते? कामगार पट्टी हातात घेऊन विचारतो, 'चांगली आली, म्हणजे आता काळजी नाही ना?' व्यवस्थापक तीच पट्टी हातात घेऊन विचारतो, 'यात दोष दिसतो, मग या माणसाला कामावर ठेवायचे कसे?' दोघेही त्या कागदाकडून, तो जे देऊ शकत नाही ते मागत असतात. तो काय देऊ शकतो हे समजायचे असेल, तर तो कागद कसा जन्मला आणि त्याला अर्थ कोणी दिला हे पाहिले पाहिजे.

स्नायू हलतो तेव्हा त्याच्यात वीज असते, ही गोष्ट फार जुनी नाही. इटलीतील लुइजी गॅल्व्हानी यांनी बेडकांच्या पायांवरील आपले प्रयोग १७९१ साली प्रसिद्ध केले. पुढे १८५६ साली कोलिकर आणि म्यूलर या दोघा शास्त्रज्ञांनी धडधडत्या हृदयावर बेडकाच्या पायाची नस ठेवली, तेव्हा हृदयाच्या प्रत्येक ठोक्याबरोबर तो सुटा पाय उडू लागला. हृदय स्वतःची वीज तयार करते हे त्या पायाने सांगितले. परंतु माणसाची छाती न उघडता ती वीज बाहेरून मोजायची कशी, हा प्रश्न त्यानंतर तीस वर्षे तसाच राहिला.

तो पहिल्यांदा सोडवला लंडनच्या सेंट मेरीज हॉस्पिटलमधील ऑगस्टस वॉलर यांनी, १८८७ साली. बारीक काचनळीतला पारा विजेच्या किंचित बदलाने वरखाली होतो. त्या पाऱ्याची सावली वॉलर यांनी सरकत्या छायाचित्र-काचेवर पाडली. काच एका वेगाने सरकावी म्हणून ती त्यांनी मुलांच्या खेळण्यातल्या आगगाडीवर बसवली होती. आणि ज्याच्या हृदयाची रेघ त्या काचेवर उमटली तो कोणी सरदार नव्हता. तो त्यांच्याच प्रयोगशाळेतला मदतनीस थॉमस गॉसवेल होता. म्हणजे मनुष्यजातीचा पहिला प्रसिद्ध कार्डिओग्राम एका नोकरदार माणसाचा आहे. हा योगायोग आम्हाला मोठा अर्थपूर्ण वाटतो, कारण पुढचा इतिहासही याच वाटेने गेला.

वॉलर यांचा जिमी नावाचा बुलडॉग कुत्रा होता. खाऱ्या पाण्याच्या भांड्यांत पाय ठेवून त्याला उभे करीत आणि त्याच्या हृदयाची रेघ लोकांना दाखवीत. १९०९ साली लंडनच्या रॉयल सोसायटीत हा प्रयोग झाल्यावर कुत्र्याचा छळ झाला काय, असा प्रश्न थेट पार्लमेंटात विचारला गेला, आणि गृहमंत्र्यांना उठून खुलासा करावा लागला की ते नुसते मिठाचे पाणी होते. गंमत अशी की, खुद्द वॉलर यांना या शोधाचा इस्पितळात फारसा उपयोग होईल असे वाटत नव्हते. एखाद्या दुर्मीळ विकृतीची नोंद करण्यापुरता तो क्वचित कामास येईल, असे त्यांनी १९११ साली लिहून ठेवले.

तोपर्यंत हॉलंडमध्ये दुसराच माणूस पुढे निघून गेला होता. विलेम आइन्थोव्हेन यांचा जन्म १८६० सालचा, जावा बेटावरील सेमारांग गावचा. वडील डॉक्टर होते, ते लवकर वारले, आणि आई मुलांना घेऊन मायदेशी परतली. १८८९ साली बाझेल येथील परिषदेत आइन्थोव्हेन यांनी वॉलर यांचा प्रयोग पाहिला. पाऱ्याची रेघ मंद आणि गोलसर येते, खऱ्या विजेचा वेग तिला पकडता येत नाही, हे त्यांच्या ध्यानात आले. प्रथम त्यांनी गणिताने ती रेघ दुरुस्त केली, आणि १८९५ साली तिच्या उंचवट्यांना पी, क्यू, आर, एस, टी ही अक्षरे दिली. आजही जगातला प्रत्येक डॉक्टर तीच अक्षरे वापरतो. नंतर त्यांनी पारा टाकूनच दिला आणि १९०१ साली तारेचे नवे यंत्र सिद्ध केले. केसाहून कितीतरी बारीक असा गारेचा, म्हणजे क्वार्ट्झचा, धागा; त्याला चांदीचा मुलामा; आणि तो प्रबळ विद्युत्-चुंबकाच्या मध्ये ताणलेला. हृदयाची वीज धाग्यातून गेली की धागा हलायचा, आणि त्याची सावली कागदावर उमटायची.

हे यंत्र केवढे होते? वजन सुमारे २७० किलो. त्याने दोन खोल्या व्यापल्या होत्या. चुंबक तापू नये म्हणून पाणी खेळवावे लागे. चालवायला पाच माणसे लागत. रोग्याचे दोन्ही हात आणि एक पाय खाऱ्या पाण्याच्या बादल्यांत बुडवीत. असे यंत्र इस्पितळात नेणे शक्य नव्हते, म्हणून १९०५ साली आइन्थोव्हेन यांनी लायडनच्या इस्पितळापासून आपल्या प्रयोगशाळेपर्यंत दीड किलोमीटर टेलिफोनची तार वापरली. रोगी इस्पितळात आणि त्याच्या हृदयाची रेघ प्रयोगशाळेत! आज खेड्यातल्या आरोग्यकेंद्रातून मोबाइलवर पट्टी पाठवून शहरातल्या तज्ज्ञाचा सल्ला घेतात, त्याचे मूळ तेथे आहे.

आइन्थोव्हेन यांना १९२४ साली नोबेल पारितोषिक मिळाले. त्यांच्या चरित्रात एक हकीकत सांगतात. ज्या मदतनिसाने यंत्र उभारायला वर्षानुवर्षे हात लावला होता, त्याला पारितोषिकाचा वाटा द्यावा म्हणून आइन्थोव्हेन यांनी त्याचा शोध घेतला. तो वारला होता. तेव्हा त्याच्या दोन बहिणींना शोधून त्यांनी अर्धी रक्कम त्यांच्या स्वाधीन केली. आम्ही आयुष्यभर बोनसाच्या वाटाघाटी करीत आलो, तेव्हा या हकीकतीपाशी आम्ही थोडे रेंगाळलो तर श्रोते क्षमा करतील.

येथवरचा इतिहास यंत्राचा झाला. त्या यंत्राने प्रारंभी एवढेच सांगितले की आत्ता, या क्षणी, हृदयाचा ठेका कसा आहे. लंडनचे थॉमस लुइस यांनी त्याच्या साहाय्याने ठेक्याच्या दोषांचे शास्त्र रचले. १९२० साली न्यूयॉर्कचे हॅरल्ड पार्डी यांनी दाखवले की हृदयाला रक्त पुरवणारी रोहिणी तुंबून झटका येतो तेव्हा रेघेचा एक ठराविक भाग वर उचलला जातो. १९३० च्या दशकात फ्रँक विल्सन यांनी छातीवरून रेघ घेण्याची पद्धत बसवली. १९३८ साली अमेरिकेच्या आणि ब्रिटनच्या हृदयतज्ज्ञांच्या संस्थांनी छातीवरच्या सहा जागा ठरवून दिल्या, आणि १९४२ साली इमॅन्युएल गोल्डबर्गर यांनी हातापायांवरच्या आणखी तीन रेघांची भर घातली. अशा रीतीने आजची बारा रेघांची पट्टी पूर्ण झाली. एकच हृदय बारा दिशांनी पाहायचे, एवढाच तिचा अर्थ.

परंतु निदान वेगळे आणि भाकीत वेगळे. आज झटका आला आहे हे ओळखणे एक, आणि धडधाकट दिसणाऱ्या माणसाला पुढल्या दहा वर्षांत धोका किती हे सांगणे अगदी दुसरे. हे दुसरे काम कोणत्याही यंत्राला एकट्याने जमणारे नव्हते. त्यासाठी हजारो माणसांच्या पट्ट्या काढायच्या, जपून ठेवायच्या, वर्षानुवर्षे त्या माणसांचा माग ठेवायचा, कोण जगला, कोण गेला, कशाने गेला याची नोंद करायची, आणि मग जुनी पट्टी काढून पाहायची की तिच्यात आधीच काही लिहिलेले होते काय. हे काम हजेरीबुकाच्या जातीचे आहे. म्हणूनच ते आम्हाला चटकन समजले.

असे सर्वांत प्रसिद्ध हजेरीबुक अमेरिकेत मॅसेच्युसेट्स प्रांतातील फ्रेमिंगहॅम या लहान शहरात १९४८ साली उघडले गेले. ५,२०९ स्त्री-पुरुष, वय ३० ते ६२. दर दोन वर्षांनी तपासणी : रक्तदाब, रक्त, वजन, सवयी, आणि हृदयाची पट्टी. सहा वर्षांच्या नोंदींवरून १९६१ साली विल्यम कॅनेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जो निबंध लिहिला, त्याने 'धोक्याचे घटक' ही कल्पना वैद्यकात रुजवली. त्या घटकांत वाढलेला रक्तदाब होता, रक्तातले कोलेस्टेरॉल होते, आणि तिसरी गोष्ट पट्टीवरची होती : हृदयाचा डावा कप्पा जाड झाल्याची खूण.

ही खूण काय आहे ते समजून घेऊ. हातोडा मारणाऱ्याचा दंड जसा पुष्ट होतो, तसा रोज चढत्या दाबाविरुद्ध रक्त ढकलणाऱ्या डाव्या कप्प्याचा स्नायू जाड होतो. दंड पुष्ट झाला तर आपण कौतुक करतो. हृदयाच्या बाबतीत ते संकटाचे लक्षण असते, कारण जाड स्नायूला रक्त जास्त लागते आणि तो ताठर होतो. जाड स्नायूची वीज मोठी, म्हणून पट्टीवरचे उंचवटे उंच. १९४९ साली सोकोलो आणि लायन या दोघा डॉक्टरांनी त्याचे माप दिले : छातीवरच्या पहिल्या जागेची खालची उतरण आणि पाचव्या किंवा सहाव्या जागेची वरची चढण, या दोहोंची बेरीज ३५ मिलिमीटर किंवा अधिक भरली, तर डावा कप्पा जाड झाल्याचा संशय घ्यावा. शाळकरी मुलाच्या फुटपट्टीने करता येण्यासारखे हे मोजमाप आहे.

मात्र एक सावधगिरी येथेच सांगितली पाहिजे. काटक, सडपातळ, अंगमेहनत करणाऱ्या तरुण माणसाच्या छातीवर चरबी थोडी, त्यामुळे रोग नसतानाही त्याची रेघ उंच येते. उलट स्थूल माणसाच्या छातीतून वीज दबून येते आणि खरोखर जाड झालेला कप्पाही पट्टीवर दिसत नाही. म्हणजे हेच माप हमालाला विनाकारण रोगी ठरवील आणि गादीवर बसणाऱ्याला विनाकारण निरोगी. पट्टी वाचणाऱ्याने समोरचा माणूस पाहिला पाहिजे, तो यासाठी.

आणखी एक अडचण होती. एकच पट्टी दोन डॉक्टरांनी वाचली तर दोन अर्थ निघत. मग हजारो पट्ट्यांची तुलना करायची कशी? ती सोडवली अमेरिकेतील मिनेसोटा विद्यापीठाच्या मंडळींनी. हेन्री ब्लॅकबर्न, अँसेल कीज आणि सहकारी यांनी १९६० साली रेघेच्या प्रत्येक बदलाला आकडा दिला. कोणीही, कोठेही वाचली तरी पट्टीचा आकडा एकच यावा हा हेतू. याला मिनेसोटा संकेत म्हणतात. कीज यांच्या सात देशांच्या प्रसिद्ध पाहणीत अमेरिकेतले आणि रोममधले रेल्वेकामगार होते. जवळपास त्याच काळात लंडनमध्ये जेरी मॉरिस यांनी बसकामगारांची पाहणी केली. दुमजली बसचा चालक दिवसभर बसून असतो. वाहक रोज शेकडो पायऱ्या चढउतर करतो. १९५३ साली मॉरिस यांनी दाखवले की हृदयविकार चालकांत अधिक, वाहकांत कमी. पुढे त्यांनी गणवेशाच्या विजारीची मापेही काढली. चालकांची कंबर मोठी निघाली. आपल्याकडे पश्चिम रेल्वेचे वैद्यकीय अधिकारी डॉ. एस. एल. मल्होत्रा यांनी १९६७ साली भारतभरच्या लाखो रेल्वेनोकरांच्या नोंदींवरून दाखवले की हृदयविकाराचे प्रमाण दक्षिणेकडील नोकरांत उत्तरेकडील नोकरांपेक्षा कितीतरी अधिक आहे.

श्रोतेहो, येथे क्षणभर थांबून पाहा. बसवाले, रेल्वेवाले, एका लहान शहरातले साधे नागरिक : यांनी आपली छाती, आपले रक्त, आपला रजेचा रेकॉर्ड दिला, तेव्हा त्या रेघेला भविष्याचा अर्थ आला. जे शास्त्र कामकरी लोकांच्या नोंदींवर उभे राहिले, त्याचा लाभ कामकरी लोकांना मिळतो काय, हा प्रश्न विचारण्याचा आपला हक्क आहे.

आता जुनाट विकारांकडे वळू. आपल्या देशापुरते बोलायचे तर भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेची मोठी पाहणी २०२३ साली प्रसिद्ध झाली. तिच्या अंदाजाने देशात मधुमेहाचे सुमारे १० कोटी आणि वाढलेल्या रक्तदाबाचे सुमारे साडेएकतीस कोटी लोक आहेत. या माणसांना पट्टी काय सांगू शकते?

रक्तदाबाच्या माणसाला ती डाव्या कप्प्याची हालहवाल सांगते. आणि नुसती सांगत नाही, उपचार लागू पडतो की नाही याचीही साक्ष देते. २००२ साली 'लाइफ' नावाच्या पाहणीचे निष्कर्ष आले. रक्तदाब वाढलेला आणि पट्टीवर कप्पा जाड असल्याची खूण असलेले ९,१९३ रोगी तिच्यात होते. पुढे २००४ साली त्याच नोंदींवरून दिसले की औषध घेता घेता ज्यांच्या रेघेची उंची उतरली, त्यांना झटका, पक्षाघात आणि मृत्यू यांचा धोका कमी झाला. आणि हा फायदा नुसता दाब उतरल्याच्या हिशेबापेक्षा वेगळा होता. म्हणजे वाईट पट्टी हा कपाळावरचा लेख नव्हे. ती बदलते, आणि बदलली तर माणसाचे पुढचे दिवसही बदलतात. रक्तदाबाच्या आंतरराष्ट्रीय संस्थेने २०२० साली दिलेल्या मार्गदर्शनात बारा रेघांची पट्टी आवश्यक तपासण्यांत धरली आहे.

मधुमेहाच्या माणसाची गोष्ट अधिक नाजूक आहे. साखर वर्षानुवर्षे चढती राहिली की नसा बधिर होतात. पायाला काटा टोचलेला कळत नाही, तशी छातीतली कळही कधी कळत नाही. झटका येऊन जातो आणि माणूस म्हणतो, पित्त झाले होते. फ्रेमिंगहॅमच्या तीस वर्षांच्या नोंदींवर कॅनेल यांनी १९८४ साली लिहिले की एकूण झटक्यांपैकी चौथ्या हिश्शाहून अधिक झटके केवळ दर दोन वर्षांनी काढलेल्या पट्टीमुळे उघडकीस आले. एरवी ते कोणाला कळलेच नसते. आणि असे न कळलेले झटके कळलेल्यांपेक्षा सौम्य मानण्याचे कारण नव्हते; पुढचा धोका जवळपास तेवढाच निघाला. १९७० च्या दशकात एडिंबरोच्या यूइंग आणि क्लार्क यांनी मधुमेह्यांसाठी साधी परीक्षा बसवली : मिनिटाला सहा वेळा खोल श्वास घ्यायचा आणि पट्टी चालू ठेवायची. निरोगी माणसाचे ठोके श्वासाबरोबर जलद-मंद होतात. ज्याच्या हृदयाच्या नसा बधिर झाल्या आहेत त्याचे ठोके घड्याळासारखे एकसारखे पडतात. नेहमी नियमितपणा चांगला मानणाऱ्या आम्हाला हे वाचून नवल वाटले.

वय झालेल्या, रक्तदाब असलेल्या माणसात कधीकधी हृदयाचा ठेका पूर्ण बिघडतो. वरचे कप्पे नुसते थरथरत राहतात. १९०६ साली आइन्थोव्हेन यांनी ही रेघ टिपली होती. त्या थरथरीत रक्त गोठते, गाठ मेंदूकडे जाते आणि पक्षाघात होतो. फ्रेमिंगहॅमच्या १९९१ सालच्या हिशेबाप्रमाणे अशा माणसांत पक्षाघाताचा धोका जवळपास पाचपट असतो. रक्त पातळ ठेवणारे औषध घेतले तर तो धोका निम्म्याहूनही खाली येतो. येथे दहा सेकंदांची पट्टी एखाद्याचा हात, पाय आणि वाचा वाचवू शकते.

मूत्रपिंडाच्या रोग्यात रक्तातले पोटॅशियम वाढले की टी हा उंचवटा टोकदार उभा राहतो. ती तातडीची घंटा असते. औषधांना न जुमानणाऱ्या क्षयावर २०१६ पासून आपल्या देशाच्या कार्यक्रमात बेडाक्विलिन हे औषध आले. त्याने क्यूपासून टीपर्यंतचे अंतर लांबू शकते आणि ठेका बिघडण्याचे भय असते, म्हणून त्या रोग्यांच्या पट्ट्या वेळोवेळी काढाव्या लागतात. दगडाच्या धुळीने ज्यांची फुप्फुसे निकामी होत आली, त्यांच्या हृदयाच्या उजव्या बाजूवरचा ताणही पट्टीवर उमटतो. मात्र बहुधा तो उशिरा उमटतो.

इतके ऐकल्यावर कोणी म्हणेल, मग सर्वांच्याच पट्ट्या दरवर्षी काढा. येथे हिशेब दुसऱ्या बाजूनेही मांडला पाहिजे. विश्रांतीतली पट्टी साधारण दहा सेकंदांची असते. दिवसाला हृदयाचे सुमारे एक लाख ठोके पडतात. त्यांतले दहा-बारा आपण पाहतो. रोहिणी अर्ध्याहून अधिक अरुंद झाली असली तरी स्वस्थ पडलेल्या माणसाची पट्टी स्वच्छ येऊ शकते. म्हणून तर सिॲटलचे रॉबर्ट ब्रूस यांनी १९६३ साली चालत्या पट्ट्यावर माणसाला चढती चाल देऊन पट्टी काढण्याची पद्धत बसवली, आणि नॉर्मन होल्टर यांनी १९६१ साली दिवसभर अंगावर बाळगायच्या यंत्राचा निबंध प्रसिद्ध केला. दुसरीकडे, निरोगी माणसाच्या पट्टीत क्षुल्लक वेगळेपणा दिसला तरी त्याच्यामागे एकाहून एक महाग तपासण्या लागतात. अमेरिकेच्या प्रतिबंधक सेवा मंडळाने २०१८ साली स्पष्ट सांगितले की लक्षणे नसलेल्या, कमी धोक्याच्या माणसांची केवळ धोका अजमावण्यासाठी पट्टी काढू नये. मध्यम आणि अधिक धोक्याच्या, पण लक्षणे नसलेल्या माणसांसाठी होय किंवा नाही म्हणण्यास पुरेसा पुरावा नाही, असेही त्याच मंडळाने नोंदवले. म्हणजे सरसकट 'पॅकेज' घेऊन काढलेल्या पट्टीने समाधान मिळेल, पण भविष्य कळेल असे नाही. ज्याला जुनाट विकार आहे, धाप लागते, चक्कर येते, ठेका चुकल्यासारखा वाटतो, त्याच्या पट्टीची किंमत वेगळी.

आणि एक गोष्ट अशी की ती कोणत्याच पट्टीत उमटत नाही. लंडनच्या व्हाइटहॉल भागातील सरकारी कचेऱ्यांतल्या सतरा हजारांहून अधिक पुरुषांची तपासणी १९६७ पासून जेफ्री रोज आणि सहकाऱ्यांनी केली. तिच्यात ईसीजीही होता. १९७८ साली मायकेल मार्मट आणि इतरांनी निष्कर्ष मांडले. सर्वांत वरच्या श्रेणीतील अधिकाऱ्यांपेक्षा सर्वांत खालच्या श्रेणीतील शिपाई-पहारेकऱ्यांत हृदयरोगाने होणारे मृत्यू ३.६ पट होते. विडीकाडी, रक्तदाब, कोलेस्टेरॉल, सारे हिशेबात धरले तरी या फरकाचा थोडाच भाग उलगडला. सर्व जण एकाच सरकारचे नोकर, कोणीही उपाशी नव्हता. तरी पगाराच्या पायरीप्रमाणे आयुष्याची पायरी बदलत गेली. पाळ्यांची ओढाताण, कामावर स्वतःचा काही ताबा नसणे, उद्याची काळजी यांचे हृदयाशी काय नाते आहे, यावर त्यानंतर पुष्कळ संशोधन झाले. कामाचे तास आणि नोकरीची शाश्वती यांच्यासाठी झगडणारी युनियन हृदयाचेच काम करीत असते, असे आम्ही म्हटले तर तो नुसता अभिमान समजू नये.

आता आमच्या अनुभवातली एक हकीकत. कारखान्याचे नाव घेत नाही. आमचा एक सभासद बॉयलर खात्यात होता. मधुमेह बारा वर्षांचा. कारखान्यात दरवर्षी तपासणी होई, पट्टी निघे, आणि रजिस्टरात एक शब्द पडे : 'नॉर्मल'. पट्टी कोणाला दिली जात नसे. एके वर्षी त्याला जिना चढताना धाप लागू लागली. इस्पितळात पट्टी काढली, तर जुन्या झटक्याची खूण निघाली. डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला, 'मागची पट्टी आहे का?' नव्हती. कारखान्याने शोधून सांगितले, कागद ठेवलेले नाहीत. झटका केव्हा आला, कामावर असताना आला की नंतर, आधीच्या वर्षीच्या पट्टीत तो होता आणि कोणी वाचला नाही की तेव्हा नव्हताच, यांपैकी एकाही प्रश्नाला उत्तर मिळाले नाही. त्याला हलके काम मिळायला आठ महिने पत्रव्यवहार करावा लागला. पुढच्या करारात आम्ही एक कलम घातले : तपासणीनंतर प्रत्येक कामगाराला त्याच्या पट्टीची प्रत मिळेल. पगारवाढीच्या कलमांपुढे ते कलम किरकोळ दिसत होते, आणि त्याच्यावर फारशी घासाघीस न होता ते मान्यही झाले.

हा हक्क नवा नाही. कामगार राज्य विमा योजना २४ फेब्रुवारी १९५२ रोजी कानपूर आणि दिल्ली येथे सुरू झाली, तेव्हापासून आजारी कामगाराची नोंद ही सार्वजनिक जबाबदारी मानली गेली. १९८७ साली कारखाना कायद्यात दुरुस्ती होऊन धोक्याच्या कामावरील कामगारांना आपली आरोग्यनोंद पाहता यावी असे लिहिले गेले. कायद्याची पुस्तके बदलतात, कलमांचे क्रमांक बदलतात. पण मागितल्याशिवाय कागद हातात पडत नाही, हा अनुभव बदललेला नाही.

तेव्हा या सगळ्या इतिहासातून घरी न्यायची गोष्ट साधी आहे. एकटी पट्टी थोडे बोलते. दोन पट्ट्या शेजारी ठेवल्या की पुष्कळ बोलतात. फ्रेमिंगहॅमने जे पाच हजार माणसांसाठी केले, ते ज्याला रक्तदाब किंवा मधुमेह आहे त्याने स्वतःपुरते करावे. पहिली पट्टी प्रकृती बरी असताना काढलेली असावी. ती पुढच्या सर्वांचे माप ठरते. पट्टीवर नाव आणि तारीख आहे ना, हे तेथेच पाहून घ्यावे. आजकालचा कागद उष्णतेने छापला जातो. उन्हात, ओलीत किंवा प्लॅस्टिकच्या पिशवीत दोन-चार वर्षांत तो पुसट होतो. म्हणून त्याच दिवशी झेरॉक्स काढून ठेवावी किंवा मोबाइलने फोटो घ्यावा. यंत्र पट्टीच्या माथ्यावर आपोआप जो शेरा छापते तो अखेरचा निकाल समजू नये. हातांच्या तारांची अदलाबदल झाली तरी यंत्र बिनदिक्कत रोग छापते. दुसऱ्या डॉक्टरकडे, दुसऱ्या गावी, मुलाकडे मुंबईला जाताना ही पट्टी औषधांच्या चिठ्ठीबरोबर न्यावी. आणि छातीत कळ, धाप, घाम, डाव्या हाताची किंवा जबड्याची वेदना असेल तर मागची पट्टी चांगली होती म्हणून घरी बसू नये. ती मागच्या दिवसाची होती.

ज्यांच्या हाती कारखाने, नगरपालिका, शाळा आणि बसडेपो आहेत त्यांना आमची विनंती अशी की तपासणी करता तर नोंद ठेवा, आणि ठेवता ती माणसाला द्या. पट्टीतला दोष कामावरून काढण्याचे निमित्त होऊ लागला, तर उद्या कोणीही छातीवरचा सदरा काढून पलंगावर झोपणार नाही. तो दोष उपचार आणि हलक्या कामाचे कारण होतो असे दिसले, तर माणसे स्वतः होऊन येतील.

या आठवड्यात आपल्यापैकी ज्यांना हे विकार आहेत त्यांनी कपाट उघडावे, जुनी पट्टी शोधावी, तिच्यावरची तारीख वाचावी, आणि रेघ पुसट होत चालली असेल तर आधी तिची नक्कल करून घ्यावी. एवढे झाले तर या व्याख्यानाचे चीज झाले असे आम्ही समजू.